पहिली उडी माझी होती

ज्या सालांत कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांत आमच्या घरात कापूस राहत होता आणि आम्ही कोठ्यात राहत होतो. कोठा म्हणजे आमच्या वऱ्हाडात बैलांचा गोठा. माजघर कापसानं छातीच्या उंचीपर्यंत भरलेलं होतं. देवाचा कोनाडा तेवढा मोकळा होता, तोही सासूबाईंनी भांडून ठेवला म्हणून. चूल ओसरीच्या पलीकडे अंगणात आणली होती, कारण कापसाशेजारी विस्तव नको. मी, सासूबाई आणि माझी पाच वर्षांची मुलगी बैलांच्या शेजारी पोत्यांवर निजत असू, आणि नवरा ओसरीत, दाराला पाठ लावून, कापसाच्या राखणीला.

पौषातली थंडी होती आणि घरात गादी नव्हती. गाद्या आणि उशा उसवून त्यातली जुनी, पिवळी पडलेली रुई त्यानं आधीच विकून टाकली होती. माझ्या माहेरून आलेली गादी त्यातच गेली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "विलायतेच्या पल्याड लढाई लागली हाय. तिकडे कापूस पिकून नाई राहिला. असा भाव जलमात पुन्हा येनार नाई, अन् तुले गादी पायजे का?" मला गादीच पाहिजे होती. तेवढं बोलायची हिंमत मात्र नव्हती, म्हणून मी पोत्यावर निजले आणि मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या.

हे मी म्हातारपणी लिहिते आहे. अक्षरं नातवाच्या पाटीवर शिकले. सून म्हणते, रागानं लिहू नका, अक्षर वाकडं येतं. येऊ दे वाकडं. त्या सालांविषयी मला गोड लिहिता येणार नाही. लोक अजून सांगतात की तेव्हा बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. असतील. मला आठवतं ते एवढंच, की मला एकच मैत्रीण होती, तिच्यावर मी चार माणसांसमोर एक खोटं वाक्य फेकलं, आणि ते परत घ्यायला मला दोन वर्षं लागली.

ती आणि मी एकाच गावच्या, भातकुलीकडच्या. आमचं घर कुणब्याचं, तिचं माळ्याचं, मध्ये बोरीच्या काट्यांचं कुंपण. त्या कुंपणाला खालून एक भोक होतं आणि ते आम्ही दोघींनी मिळून मोठं केलं होतं. लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली. मला दर्यापूरजवळच्या या गावी दिलं आणि तिला अकोल्याला, भाजीपाल्याच्या मळ्यात. वर्षातून एकदा ती माहेरी जायला निघाली की वाटेत माझ्याकडे एक मुक्काम करी. तेवढीच आमची भेट. इतर बायकांना जावा असतात, नणंदा असतात, आडावर भेटणाऱ्या शेजारणी असतात. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे माझं कोणाशी पटत नसे. मला ती एकटीच होती.

लहानपणी आमच्या बापाचा कापूस म्हणजे जेमतेम एका गाडीचा. कापूस गाडीत भरायचा तर पायांनी दाबावा लागतो, नाहीतर अर्ध्या गाडीत नुसती हवाच जाते. त्याला खुंदणं म्हणतात. मोठी माणसं खालून टोपल्या टाकत आणि आम्ही पोरंपोरी वर नाचून तो दाबत असू. त्याच्या आधी, कापूस घरात असताना, ती आणि मी माळ्यावर चढून ढिगात उड्या मारायचो. पाल्याचा चुरा पायांना टोचायचा, नाकात तंतू जायचे, शिंका यायच्या. बाप समोर बसून चिलीम ओढायचा आणि एवढंच म्हणायचा, "पाय मोडसान तर कामाले कोन येईन?" त्याला ते खेळणं कधी नुकसान वाटलं नाही. आणि इथं सासरी माझ्या पोरीनं कापसाला बोट लावलं तरी हातावर चापट बसत होती.

चापट परवडली असती. पौष संपता संपता घरात वास यायला लागला. आंबट, दमट वास. सासूबाई म्हणाल्या, सारवण नीट होत नाही. मी कापसाच्या कडेची जेवढी जमीन उघडी होती तेवढी दोनदा खरवडून सारवली. वास तसाच. मग एके दिवशी नवऱ्यानं दाराजवळच्या कोपऱ्यात, ढिगाच्या बुडाशी हात घातला. हात ओला निघाला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला, "ही पोट्टी मुतते कापसात."

माझी मुलगी दुपारची त्या कोपऱ्यात जाऊन निजायची हे खरं होतं. तिथं ऊब होती. त्यानं तिला अंगणात ओढलं आणि बैलाच्या कासऱ्यानं मारलं. ती रडत एकच म्हणत होती, "म्या नाई केलं, म्या नाई केलं." मी मध्ये पडले तर म्हणाला, "तुहंच वळण हाय." आणि आता खरं सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते, की मीसुद्धा पोरीवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तिला मांडीवर घेऊन मी विचारलं, "भेऊ नको, खरं सांग." तिनं माझ्याकडे बघितलं आणि मांडीवरून उतरून गेली. त्यानंतर ती माजघराच्या दारावरून जायचीच नाही. कोठ्यातून अंगणात यायचं तर घराला मागून वळसा घालून यायची.

माघात मैत्रीण आली. अकोल्याहून निघालेल्या एका गाडीनं तिला सकाळी आमच्या वेशीवर सोडलं. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. त्या दिवशी दर्यापूरचा बाजार होता. नवरा आणि सासूबाई गाडी जुंपून गेले होते. त्याला कापसाचा नवा भाव ऐकायचा होता. तो दर बाजाराला भाव ऐकायला जायचा, भाव चढलेला असायचा, आणि परत येऊन म्हणायचा, आखीन थांबू.

ती दारात उभी राहून आत बघत राहिली. डोक्यावरचं वांग्यांचं गाठोडं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"माणसं कुठी राह्यतात व?" तिनं विचारलं.

"बैलाईपाशी," मी म्हटलं.

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तेवढ्यात माझी मुलगी मागून वळसा घालून आली आणि आम्हाला दारात बघून लांबच थांबली.

"ही काहून भेऊन राहिली?"

मी तिला सगळं सांगितलं. कासऱ्याचं, वळणाचं, गादीचं. सांगता सांगता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस मी हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते असं एका ओळीत लावून मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आपल्याच घरात आपण चोरासारखे भिंतीच्या कडेनं चालतो, आणि हा ढीग जावयासारखा मधोमध बसला आहे. मला त्या कापसाला लाथ मारायची होती.

"शिडी धर," मी म्हटलं.

"काहून?"

"उडी मारू."

"खुळी झाली का तू? लेकराची माय हायेस. जवाईबुवा येतीन तर?" तिच्या माहेरचा जावई म्हणून ती माझ्या नवऱ्याला जवाईबुवा म्हणायची.

"दिवस बुडाल्याशिवाय येत नाईत," मी म्हटलं, काष्टा आवळला आणि शिडी चढून माळ्यावर गेले. हे मी मुद्दाम नीट लिहिते आहे. उडीचं मी काढलं. शिडी मी मागितली. पहिली उडी माझी होती.

मी रागानं उडी मारली. ढिगाला दुखावं म्हणून टाच पुढे करून मारली. पण कापसाला काही दुखत नाही. त्यानं मला गळ्यापर्यंत आत घेतलं, आणि क्षणभर काहीच ऐकू येईना. मग कोणीतरी हसलेलं ऐकू आलं. ते माझंच हसणं होतं आणि मला ते ओळखू आलं नाही, इतक्या वर्षांत मी तशी हसले नव्हते. डोकं वर काढलं तर मैत्रीण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती.

ती वर जाऊन माळ्याच्या काठावर पाय सोडून बसली, देवाचं नाव घेतलं, लुगडं गुडघ्यांत दाबून धरलं आणि उडी मारण्याऐवजी नुसती घसरली. "हे मोजायचं नाई," ती खालून म्हणाली आणि पुन्हा चढली. दुसऱ्या खेपेला तिनं देवाचं नाव घेतलं नाही. मग मी, मग ती. मग तिनं कापसाच्या दाढीमिशा लावल्या, दारात उकिडवी बसली, पाठ चौकटीला लावली आणि माझ्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाली, "तुले गादी पायजे का?" मी इतकी हसले की मला धाप लागली. तिच्या अंगावर मी कापसाचे गोळे मारले, तिनं माझ्या पोलक्यात मूठभर कोंबला. आठ वर्षांच्या असताना कुंपणाच्या भोकातून आल्यावर आम्ही जशा वागायचो अगदी तशा वागलो. मला आनंद झाला. दुसरा शब्द शोधत बसत नाही. मला आनंद झाला आणि मला कळलं की लग्न झाल्यापासून मी एकदाही खेळले नव्हते.

दाराशी बारीक हसू आलं. मुलगी उंबऱ्यापर्यंत आली होती. मैत्रिणीनं हात पुढे केला. पोरगी उंबऱ्यावर जरा वेळ थांबली, मग आली. तिला मध्ये घेऊन आम्ही तिघींनी एकदम उडी मारली. ती खाली पडल्या पडल्या म्हणाली, "आखीन."

त्या उडीनं ढिगाची एक बाजू ढासळली. दाराजवळच्या कोपऱ्यावर मैत्रीण पडली आणि उठण्यासाठी तिनं हात टेकला तर हात कोपरापर्यंत आत गेला. तिनं तो झटकन बाहेर काढला.

"इथी गरम हाय," ती म्हणाली.

मी हात घातला. आत चुलीवर ठेवल्यासारखी धग होती. मुठीत आलं ते मी बाहेर काढलं. काळपट, चिकट बोंदकं, नुसता लगदा, पांढरा तंतू औषधालाही नाही. मैत्रिणीनं ते माझ्या हातून घेतलं, नाकाजवळ नेलं आणि माझ्या मुलीकडे बघितलं.

"हे मुताचं नाई. पाणी हाय. आमी सकाळी भाजीवर मारतो तसंच मारेल हाय, वजन चढावं म्हून. पन भाजी सांजेपर्यंत विकल्या जाते. हा कापूस पाणी मारून महिनाभर ठेवला, तो आतून शिजला."

मला लगेच आठवलं. संक्रांतीच्या आधी लगोलग दोन दिवस नवरा मला आणि सासूबाईंना वेचणीला पाठवून स्वतः घरी थांबला होता. संध्याकाळी आले तर रांजण रिकामा, घागरी पालथ्या. मी चकार शब्द न काढता पुन्हा आडावर गेले आणि रांजण भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामा. म्हणजे कापसावर मारलेलं पाणीसुद्धा मीच वाहून आणलेलं होतं. दोन दिवसांत विकायचा म्हणून त्यानं पाणी मारलं, तेवढ्यात भाव चढला, मग आणखी चढेल म्हणून ठेवला, आणि हात ओला निघाला तेव्हा त्याला पक्कं माहीत होतं तो कशानं ओला निघाला. तरी त्यानं कासरा उचलला. नुसत्या रागानं माणसाला घेरी येते हे मला त्या दिवशी कळलं.

आणि तेवढ्यात तो आला. बाजारातून लवकर आला. गाडीचा आवाज आम्हाला ऐकू आलाच नाही. दारात तो, मागे सासूबाई, आणि त्यांच्या मागे नवा भाव ऐकायला आलेले गल्लीतले दोघे शेजारी. आमच्या केसांत कापूस, भुवयांवर कापूस, मैत्रिणीच्या हनुवटीला अजून अर्धी दाढी. पोरगी माझ्या मागे लपली.

"हे कोनं केलं?" तो म्हणाला.

ते काळं बोंदकं आता पुन्हा माझ्या हातात होतं. मला फक्त हात पुढे करायचा होता. चार माणसांसमोर हात पुढे करून म्हणायचं होतं, हे काय आहे ते सांगा आधी. इतकी वर्षं माझ्या फटकळ तोंडाला सगळं गाव घाबरून होतं, आणि त्या घटकेला त्या तोंडातून निघालं काय, तर, "इनंच म्हटलं, उड्या मारू. म्या नाई म्हनत होती."

माझी जीभ झडली नाही. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, फार नाही, पापणी लवेपर्यंत.

"हो जवाईबुवा," ती म्हणाली. "म्यांच म्हटलं."

मग तिनं केसांतला कापूस काढला. एकेक तंतू वेचून ढिगावर ठेवला, हनुवटीचाही ठेवला, जणू चोरीचा माल परत करते आहे. गाठोडं उचललं आणि गेली. ती रात्र तिनं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर काढली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी तिला भाकरीसुद्धा नेऊन दिली नव्हती.

शेजारी गेल्यावर मी ते बोंदकं नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं. त्यानं बघितलं. मला कळलं आहे हे त्याला कळलं. तरी म्हणाला, "तुमी तुडवला म्हून दबला अन् तापला." वर मान करून म्हणाला. पोरीला मी सकाळी जवळ घेतलं आणि सांगितलं, बाई, ते तू केलं नव्हतंस. ती म्हणाली, "मले मालूमच होतं."

पुढे तो कापूस गाडीत भरून अमरावतीला नेला. अडत्याच्या माणसानं गाडीत खांद्यापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढून सगळ्या बाजाराला दाखवला आणि गाडी परत फिरवली. गावात येऊन नवऱ्यानं सांगितलं, त्या अकोल्याच्या बाईच्या पायानं कापूस नासला. दोघे शेजारी साक्षीला होतेच, त्यांनी दाढीसुद्धा बघितली होती. थोड्याच दिवसांत विलायतेच्या पलीकडची लढाई थांबली आणि भाव धाडकन खाली आला. त्याचंही खापर तिच्यावरच फुटलं. एवढ्या लांबची लढाई एका माळणीच्या उडीनं थांबली असं मानणारी शहाणी माणसं आमच्या गावात होती, आणि मी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत होते.

गोष्ट गाडीवानांबरोबर अकोल्याला पोचली. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. त्या दिवशी वेचायला येणाऱ्या बाया आधी ओटीनं, हळदीकुंकवानं शेतात उतरतात. तिकडून आलेल्या एका गाडीवानानं मला हसत हसत सांगितलं की तिला आता सीतादहीला कोणी बोलावत नाही, तिचा पाय वाईट म्हणून कोणी वेचणीलाही घेत नाही. मी ते ऐकलं आणि तरीही बोलले नाही. त्याच्या हाती निरोप धाडायचा तर तो चार गावांत वाजला असता. खरं कारण तेही नव्हतं. मी भित्री होते, एवढंच कारण.

दुसऱ्या वर्षी माघात मी शेतात असताना रस्त्यानं एक गाडी गेली. ती माहेरी निघाली होती. मी धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, धावत गेले. तिनं मला बघितलं, गाडीवानाशी काहीतरी बोलली, आणि गाडी थांबली नाही. धुऱ्यावर उभी राहून मी तिच्या नावानं बोटं मोडली. एवढा माज, म्हटलं. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की मी कोणावर चिडले आहे.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अकोल्याला आगगाडी आली होती आणि गावोगावची माणसं ती बघायला जात होती. मी सासूबाईंना म्हटलं, मला आगगाडी बघायची आहे. नवरा आता मऊ झाला होता. भाव पडल्यापासून घरात माणसं राहत होती आणि कोठ्यात बैल. त्यानं नाही म्हटलं नाही. मी कापसाच्या गाडीवर बसून गेले, नवऱ्याच्या पाठीशी पाठ लावून, सारी वाट न बोलता. आगगाडी मी त्या खेपेला बघितलीच नाही. गावाच्या कडेला भाजीचे मळे दिसले तशी उतरले.

विहिरीजवळ ती आणि तिची सासू मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सासूनं मला बघून विचारलं, "हे कोन व?"

"माह्या गावची हाय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि जुडी बांधत राहिली.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. उभ्या उभ्या म्हणून टाकलं. "आत्याबाई, तुमच्या सुनेनं काही केलं नाई. उडीचं म्याच काढलं होतं. कापूस पाण्यानं नासला, माह्या नवऱ्यानं मारेल पाण्यानं. म्या खोटं बोलली. मले माफ करा."

सासू माझ्याकडे बघत राहिली, मग सुनेकडे. मैत्रिणीनं जुडीला गाठ मारली.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"माफी कायची मांगून राहिली तू?"

"खोटं बोलली म्हून."

"खोटं बोलली त्याचं काई नाई. नवऱ्याच्या भेवानं म्याबी बोलली असती. लोकं मले वेचणीले नेत नाईत, नको नेऊ. माह्या मळ्यात काम कमी हाय का?" तिचा आवाज चढला. मी तिला कधी चिडलेली बघितलं नव्हतं. "मले राग त्याचा नाई. त्या दिवशी किती वर्सांनी मले आपन आठ वर्साच्या झाल्यावानी वाटलं. अन् त्यानं विचारलं कोनं केलं, तर तू बोट दाखवलं. कोनी खून केल्यावानी. आपली मजा होती ते. तुनं तिचं पाप करून टाकलं. आजबी माफी मांगून राहिली, म्हंजे आजबी ते तुह्या लेखी वाईटच हाय."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मला तिचा भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती आणि मी दोन वर्षं भलत्याच गुन्ह्यासाठी स्वतःला कोसत बसले होते. मला परत फिरावंसं वाटलं. मी परत फिरले नाही. तिच्या सासूसमोर मातीत बसकण मारली.

"आत्याबाई," मी म्हटलं, "माफी राहू द्या. काय झालं ते ऐका." आणि मी त्यांना आमच्या उड्या सांगितल्या. माळा केवढा उंच होता ते सांगितलं, थोडा वाढवूनच सांगितला. मी टाच पुढे करून कशी पडले, त्यांच्या सूनबाई देवाचं नाव घेऊन नुसत्या कशा घसरल्या, आणि मग नवऱ्याची नक्कल कशी केली ते मी स्वतः मिशीवर हात फिरवून करून दाखवलं. सासू आधी पदर तोंडावर धरून ऐकत होती, मग पदर सोडून हसायला लागली. मैत्रीण आमच्याकडे पाठ करून जुड्या बांधतच होती. तिची पाठ हलत नव्हती. मी तिसऱ्या उडीवर आले.

"ती मोजू नको," ती पाठमोरीच म्हणाली. "तिसरीले तुनं मले ढकललं होतं."

"ढकललं नाई," मी म्हटलं. "तूच काठावर भेऊन बसली होती."

ती उठून उभी राहिली. हातातली मेथी खाली टाकली. "ढकललं. दोन्ही हातानं ढकललं."

"म्या हात लावला नाई तुले."

"कुंपणाच्या भोकातबी मले ढकलून असंच म्हने. लहानपनापासून लबाड हाय ही, आत्याबाई."

सासू भाकरी टाकायला उठून गेली तरी आमचं चाललंच होतं. जेवतानाही चाललं. मी आठ वर्षांची असताना तिच्यावर जशी चिडायची तशी चिडले होते, कानशिलं तापेपर्यंत, आणि माझ्या पोटात इतकं हलकं वाटत होतं की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुढच्या माघापासून तिची गाडी आमच्या वेशीवर पुन्हा थांबायला लागली. आता तिच्या तोंडात दात नाहीत, माझ्याही नाहीत, आणि अजूनही भेटली की ती म्हणते, ढकललं. ढकललं नव्हतं. हे मी इथं शाईनं लिहून ठेवते आहे. तिला वाचता येत नाही, पण तिच्या नातवंडांना येतं.